पाट्या वाचणारा

संकेश्वरच्या जत्रेत तंबू पडायचा तेव्हा
माझे आप्पा पडद्याच्या डाव्या अंगाला
खोक्यावर उभं राहून पाट्या वाचायचे.
दोन आणे रात्रीला, वर चहा.
अक्षरं थरथरत आली की त्यांचा आवाज लागायचा :
'नाथ! या चरणांवाचून दासीला अन्य गती नाही!'
आणि लगेच तिचा चेहरा, कनातीएवढा,
ओठ हलताहेत.

पाटीवर नाव मिस इंदुप्रभा.
गावाला ठाऊक, ही आपली निंगव्वा,
नदीवेशीत पिंजाऱ्याच्या शेजारची,
मिरचीचे देठ खुडता खुडता कोल्हापूरला गेलेली.

त्या रात्री बायकांच्या बाजूनं एक म्हातारी हसली.
मग तिची सून. मग अख्खी रांग.
कारण ओठ म्हणत होते,
'होगो कत्ते, काल तगी!'
नायकाची खडाव तिच्या बोटांवर पडली होती.
पुण्याला लोक या जागी डोळे पुसत म्हणे.
आमच्यात तीन रात्री तेवढ्यासाठी गर्दी झाली
आणि आप्पा तेच वाचत राहिले, चरण, दासी, गती,
घसा ताणून.

मी तेव्हा नव्हतो.
मला हे दोघांनी सांगितलं, वेगवेगळं.

ती सांगायची, त्या कॅमेऱ्याला लाल कळायचं नाही.
कुंकू काळं, ओठ काळे,
म्हणून तोंडाला पिवळा लेप, हळदीच्या नवरीसारखा.
'चौदा चित्रं केली,
एकात पण मी माझ्या रंगाची न्हाई.'
आणि मिरचीच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालायची.

मग चित्र बोलायला लागलं.
फुलांच्या परडीत यंत्र लपवलेलं,
वाक्य एवढंच : मी येते, नाथ.
ती म्हणाली, 'मी येतो, नाथ.'
'येते म्हणा, बाई.'
'तेच म्हणतो की.'
सात वेळा.
आठव्या वेळी कुणीतरी दिवे मालवले.

त्याच साली आप्पांचं खोकं गेलं.
तंबूवाल्यानं ते तिकिटाच्या पोराला बसायला दिलं.

पुढं दोघं एकाच अंगणात,
ती देठ खुडायची, आप्पा वजन मांडायचे,
तिखट हवेत दोघांचे डोळे सारखेच लाल.
तिच्याजवळ एक रीळ होतं, पत्र्याच्या डब्यात.
एका उन्हाळ्यात चांदीवाला आला,
गरम पाण्यात सगळं धुऊन घेतलं त्यानं,
नवऱ्याची खडाव, तिची बोटं, ती शिवी.
उरलेल्या कोऱ्या पट्ट्या आम्हा पोरांना.
मी त्यातनं सूर्य बघितला. बाकी काही नव्हतं.

रस्त्यावरच्या पाट्या बदलल्या त्या वर्षांत
शिरगणतीचा माणूस आला.
मातृभाषा?
'बोलायची का गप बसायची?'
त्यानं थोडा वेळ पेन धरलं. काय लिहिलं कोण जाणे.
आप्पांनी तो कागद वाचला नाही,
पाट्या वाचून कंटाळले होते.

शेवटी तिचा घसाच बसला.
मिरजेच्या डॉक्टरनं नळी घातली, आवाज गेला तो गेलाच.
भाचा कानाशी वाकून विचारायचा, काय पायजे, पाणी?
ती मान हलवायची, ओठ हलवायची,
भाच्याला काही उमगायचं नाही.

आप्पा उठले. गुडघे धरून
खाटेच्या डाव्या अंगाला उभे राहिले.
एकदाही तिच्या ओठांवरची नजर काढली नाही.
मग घसा साफ केला,
पण तंबूतला आवाज काढला नाही, साधा, घरातला.

'पाणी नको म्हणतीय,' ते म्हणाले.
'येतो म्हणतीय.'